तळहातावरचं लिंबू

जुनी हत्यारं जमवणाऱ्याच्या घरी हत्यारांपेक्षा किस्सेच जास्त जमतात, हे मी स्वानुभवानं सांगतो. तलवारीला निदान जागा लागते, तेल लागतं, पावसाळ्यात दर आठवड्याला पुसावी लागते, लहान मुलं घेऊन पाहुणे आले की कपाटाला कुलूप लावावं लागतं. किश्श्यांना काहीच लागत नाही. ते आपले चहाबरोबर येतात आणि मुक्कामाला राहतात!

आमचा ग्रुप चौघांचा. एक डॉक्टर, म्हणजे दातांचे. गंगापूर रोडला दवाखाना आहे, अडकित्ते आणि कट्यारी जमवतात. दुसरे बाळूशेठ, लासलगावचे कांदा व्यापारी. यांना तलवारीच लागतात, त्याही लांब. तिसरे वस्ताद. वय त्र्याहत्तर, राहणार देवळाली कॅम्प. ते जमवत काहीच नाहीत, ते चालवतात. चाळीस वर्षं पोरापोरींना मर्दानी खेळ शिकवतायत. आणि चौथा मी, देसले. कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, म्हणून गंज काढायचं खातं माझ्याकडे. ग्रुपमध्ये मला 'सर' म्हणतात. कॉलेजात कोणी म्हणत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा आवाज बदलला तर तुम्हाला कारण कळेल. मी भित्रा माणूस आहे. बारा हत्यारं आहेत घरात, पण एकही कधी फिरवलेलं नाही. फिरवते ती माझी मुलगी, ऋतुजा. एकुलती एक. बी.फार्म.ला आहे आणि दहा वर्षं वस्तादांकडे दांडपट्टा शिकतेय. दांडपट्टा म्हणजे चार फुटांचं लवलवतं पातं, आणि मुठीच्या जागी कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा. त्यात हात घालायचा आणि फिरवायचा.

दर खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली की, वस्ताद मैदानावर लिंबू कापतात. शिष्यानं हात पुढे करायचा, तळहातावर लिंबू ठेवायचं, वस्तादांनी पट्ट्याचा एकच वार करायचा. लिंबाच्या दोन फोडी, तळहातावर साधी रेघसुद्धा नाही. पुढच्या वर्षी हात कुणाचा, हे वस्ताद त्याच दिवशी सांगून टाकतात. तो मान असतो. पोरं त्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात.

गेल्या वर्षी हात ऋतुजाचा होता. पट्टा माझा होता. आणि वस्तादांचा हात थरथरायला लागला होता!

*

पण थांबा, आधी सोपा किस्सा सांगतो. मलाही जरा धीर येईल.

डॉक्टरांना सिन्नरकडच्या एका जुन्या घरातून कट्यार मिळाली. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. तिला जौहर म्हणतात. ती रंगवलेली नसते, पोलादाच्या पोटातूनच आलेली असते, आणि वरच्या काळपट थरामुळे दिसते. तो थर घासला की संपलं. डॉक्टरांनी आम्हाला दाखवली ती हातात रबरी मोजे घालून. बाळूशेठ वाकून बघायला लागले तर म्हणाले, "श्वास तिकडं सोडा हो! वाफेनं डाग पडतो."

आम्ही तिघं श्वास धरून कट्यार बघत होतो. वस्तादांना हसू आवरेना.

पंधरा दिवसांनी डॉक्टर दुपारी जेवायला घरी आले, तर स्वयंपाकघरात ताटं, वाट्या, डाव यांच्या शेजारी कट्यार वाळत घातलेली. चकचकीत! आरशासारखी! कामाच्या शोभाताईंनी दसऱ्याची साफसफाई काढली होती. चिंच, मीठ, राख आणि नारळाचा काथ्या, अर्धा तास घासली म्हणे.

डॉक्टर तिथंच फरशीवर बसले. शोभाताईंना वाटलं, साहेबांना कौतुक वाटतंय.

"टोकाला थोडं काळं राहिलंय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "उद्या येऊन काढते."

नक्षी मी लॅबमधल्या औषधानं परत आणली, आठवडा लागला. डॉक्टर तेव्हापासून कपाटाची किल्ली दवाखान्यात ठेवतात, दात काढायच्या चिमट्यांच्या ड्रॉवरमध्ये.

*

वस्तादांच्या हाताचं मला कळलं ते मे महिन्यात, आणि त्याला कारण बाळूशेठ.

तलवारीची मूठ स्क्रूनं बसवत नाहीत. मुठीच्या पोकळीत लाखेची पूड भरतात, पात्याची शेपटी तापवून आत खुपसतात, लाख थंड झाली की मूठ घट्ट. शंभर-दोनशे वर्षं हलत नाही. फक्त एक पथ्य असतं, उन्हात ठेवायची नाही. बाळूशेठनी त्यांची नवी तलवार आदल्या दिवसापासून गाडीत, मागच्या काचेशी ठेवली होती. लासलगावच्या मार्केट यार्डात दिवसभर गाडी उन्हात. मग दुसऱ्या दिवशी तशीच उन्हात देवळालीपर्यंत.

मैदानावर उतरले, तलवार उपसली आणि म्हणाले, "सर, व्हिडिओ काढा! लय भारी दिसतीय!"

मी मोबाइल धरला. बाळूशेठनी हात मागे नेला आणि सगळा जीव लावून वार केला. मूठ हातात राहिली. पातं गेलं!

मी जमिनीवर पालथा पडलो. डोकं वर काढून बघतो तर पातं प्लास्टिकच्या खुर्चीतून आरपार गेलेलं. त्या खुर्चीवर डॉक्टर बसले होते, अर्ध्या मिनिटापूर्वी. पाणी प्यायला उठले म्हणून वाचले. हातात तांब्या घेऊन ते नुसते खुर्चीकडे बघत उभे होते.

बाळूशेठ अजून त्याच पोजमध्ये. हातात नुसती मूठ. म्हणाले, "व्हिडिओ आला का?"

वस्तादांनी बाळूशेठना जे ऐकवलं ते इथं सांगता येणार नाही. मग स्टोव्ह मागवला आणि मूठ बसवायला घेतली. मी मूठ धरून बसलो, ते चमच्यानं लाखेची पूड भरत होते. निम्मी पूड मुठीत गेली, निम्मी माझ्या पँटवर. पुन्हा चमचा भरला, पुन्हा तेच.

"वारा सुटलाय," वस्ताद म्हणाले.

कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. मी वर बघितलं, वस्तादांनी माझ्याकडे बघितलं, आणि चमचा माझ्या हातात देऊन ते आत निघून गेले. उरलेली लाख मी एकट्यानंच भरली.

*

त्या दिवसांत मला सगळीकडे हातच दिसायचे. रिक्षावाल्याचा हात, वाण्याचा हात, कॉलेजात बर्नर पेटवणाऱ्या पोरांचे हात. बाळूशेठ म्हणाले, "सर, चला माझ्यासंगं बागलाणात. एक माल बघायचाय. मन रमंल तुमचं."

सटाण्याच्या पुढं एका मळ्यात एक म्हातारी आजी. तिच्याकडे तलवार आहे असं बाळूशेठना कळलं होतं. होती खरी! दीड फुटांचा तुटलेला तुकडा, लाकडी पाटाला ठोकलेला. आजी त्याच्यावर पाय ठेवून कांदा चिरत होती. तलवारीची विळी! मी वाकून पाहिलं, पातं अस्सल जुनं. दोन पिढ्या त्याच्यावर भाजी चिरून खाल्लेली.

बाळूशेठ हात जोडून म्हणाले, "आजी, नवी विळी आणून देतो. दोन देतो. ही आम्हाला द्या."

आजीनं बाळूशेठना खालून वर न्याहाळलं. "पयले तू कांदा कापी दखाड," ती म्हणाली. म्हणजे आधी चिरून दाखव, मग बोल.

आता गंमत बघा. हा माणूस मूठभर कांदा हातात घेऊन तो कुठल्या बाजूचा, किती दिवस टिकेल, सगळं सांगतो. ट्रकच्या ट्रक रवाना करतो. पण उभ्या जन्मात एक कांदा चिरलेला नाही! पहिल्या कांद्याला नाक ओढायला लागले, तिसऱ्याला ढसाढसा रडायला लागले आणि चौथ्याला बोट कापलं.

आजीनं हळद दाबली, चिंधी बांधली आणि विळी स्वतःकडे ओढून घेतली. "ऱ्हाऊ दे, भाऊ. तुनं काम नई शे."

येताना गाडीत बाळूशेठ हसून हसून सांगत होते. मला हसू येईना. त्यांच्या बोटाची चिंधी लाल झाली होती. करंगळीएवढी जखम आणि एवढं रक्त! मग आख्खा तळहात असेल तर? मी खिडकीबाहेर बघत बसलो. मन कसलं रमतंय!

*

नवरात्र आठवड्यावर आलं तेव्हा मी एक गुपचूप उद्योग केला. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

पट्टा माझाच होता ना. मी तो पीव्हीसी पाइपात घातला, खोबळा चादरीत गुंडाळला, सगळं स्कूटरला बांधलं आणि सिन्नर फाट्याच्या लोहाराकडे गेलो. आमची सगळी कामं तोच करतो. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, ह्याची धार मारून द्या. साफ बोथट करा. कुणाला कळता कामा नये."

तो बघतच राहिला. "आवो, लोक धार लावाया येत्यात! कशापायी?"

मी सगळं सांगितलं. वस्तादांचा हात, माझी पोर, तळहात, लिंबू. त्यानं पट्ट्याच्या धारेवरून नख फिरवलं आणि मान हलवली.

"सर, बोथट पट्ट्यानं लिंबू कापत नाय. लिंबू दबतंय, घसरतंय आन पट्टा मनगटावर येतोय. पोरीचा हात वाचवायचा आसंल तर धार अजून लावा."

बोथट करायला गेलेला मी, पहिल्यापेक्षा दुप्पट धार लावून परत निघालो.

आणि नाशिकरोडला पुलाच्या अलीकडे नाकाबंदी!

तुम्ही पेपर वाचता. कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांना पकडतायत, रोज फोटो येतात, मागं भिंत, पुढं टेबलावर मांडलेले कोयते. मला तो फोटो दिसायला लागला. मध्ये मी, चष्मा लावलेला. आमचं सगळं कायदेशीर आहे बरं का! दरवर्षी ठाण्यात यादी देतो, शिक्का घेतो, वस्तादांच्या आखाड्याचं पत्र असतं. पण ते सगळं शांत माणसाला आठवतं.

कॉन्स्टेबलनं हात केला, मी थांबलो. तो म्हणाला, "काका, पीयूसी."

मी म्हणालो, "साहेब, घरी अजून अकरा आहेत!"

"अकरा काय?"

"तलवारी सहा, कट्यारी चार आणि एक गुप्ती. पण ती गुप्ती निघत नाही, साहेब, गंजून अडकलीय!"

कॉन्स्टेबलनं माझ्याकडे बघितलं, मग पाइपाकडे बघितलं आणि शिट्टी मारली. साहेब आले. पाइप उघडला, पट्टा बाहेर आला, उन्हात चमकला. रिक्षा थांबल्या, लोक जमले. यादी आणि पत्र डिकीत होतं, पण किल्ली कुलपात जाईना, इतका माझा हात हलत होता. शेवटी साहेबांनीच माझ्या हातातून किल्ली घेऊन डिकी उघडली.

पत्र वाचता वाचता साहेबांचा चेहरा बदलला. "वस्तादांचं पत्र आहे? अहो, मी शाळेत असताना त्यांच्याकडं लाठी शिकलोय!"

माझा जीव भांड्यात पडला. पट्टा परत पाइपात गेला, गर्दी पांगली. मग साहेब हळूच म्हणाले, "हात कसाय आता त्यांचा?"

"म्हणजे... तुम्हालाही माहीत आहे?"

"गणपतीच्या मीटिंगला ठाण्यात आले होते. अर्धा चहा बशीत सांडला. मी बघितलं नाही असं दाखवलं." त्यांनी पत्रावरची सही बघितली. "येणारे मी खंडेनवमीला. यंदा हात कुणाचा?"

"माझ्या मुलीचा."

साहेबांनी पत्राची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

"पीयूसी राहू द्या, काका," ते म्हणाले. "सावकाश जा."

*

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांना आणि बाळूशेठना सगळं सांगितलं, आणि आम्ही तिघांनी ठरवलं, आता बास. वस्तादांना स्पष्ट सांगायचं. बोलायचं डॉक्टरांनी, कारण ते डॉक्टर. बाळूशेठनी विषय काढून द्यायचा, आणि मी फक्त मान हलवायची. वस्तादांच्या घरासमोर गाडी लावून आम्ही वीस मिनिटं तालीम केली. "वस्ताद, वय झालं की शरीर बोलतं," अशी सुरुवात ठरली. चांगली होती.

आत गेलो. वस्ताद जमिनीवर पेपर पसरून वाचत होते. पूर्वी हातात धरून वाचायचे. काकूंनी पोह्याच्या ताटल्या आणल्या. बाळूशेठ म्हणाले, "पोहे लय झाक झालेत, काकू." विषय निघाला तो एवढाच!

मी डॉक्टरांना कोपरानं ढोसलं. डॉक्टर खाकरले. वस्तादांनी चष्म्यावरून बघितलं. "काय, डॉक्टर?"

"वस्ताद, वय झालं की..." डॉक्टर म्हणाले आणि पुढचं विसरले. वस्ताद त्यांच्याकडे बघतायत, ते वस्तादांकडे बघतायत. कपाळावर घाम. "...दातांकडं दुर्लक्ष होतं. तोंड उघडा बघू."

वस्तादांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी मोबाइलची बॅटरी लावून आत बघितलं. खरंच एक दाढ किडली होती! मंगळवारी सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट देऊन आम्ही बाहेर पडलो.

गाडीशी आल्यावर बाळूशेठ भडकले. "डॉक्टर, तुम्हाला हातावर बोलायचं हुतं, तुम्ही दाढंत कुठं घुसलात?"

"हात माझ्या लाइनीत येत नाही हो," डॉक्टर कळवळून म्हणाले.

तेवढ्यात काकू फाटकाशी आल्या. माझा राहिलेला रुमाल द्यायला आल्या होत्या. तो दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कशाला आला होतात ते कळलं मला. मीपण रोज ठरवते, आज बोलायचंच. आणि रोज पोहे करते."



*

मग राहिलं कोण? ऋतुजा. मी तिला सांगितलंच नव्हतं. घाबरेल म्हणून. सकाळी ती डबा भरत होती, मी म्हटलं, "ऋतू, यंदा तुझ्या पोटात दुखलं तर चालणार नाही का? खंडेनवमीला?"

ती हसली. "बाबा, मला माहितीये. तुमच्याआधी कळलंय. रोज मैदानावर मी असते, तुम्ही नसता."

"मग नाही म्हण की!"

"मी नाही म्हटलं तर दुसरी कुणीतरी हात देईल. आणि सगळ्यांनी नाही म्हटलं तर वस्ताद काय समजायचं ते समजतील. चाळीस वर्षांत त्यांना कुणी नाही म्हटलेलं नाही." डब्याचं झाकण लावून ती म्हणाली, "हात माझा आहे, बाबा. मी दिलाय."

मी बायकोकडे बघितलं, म्हटलं ही तरी ओरडेल. ही पोळी लाटत होती. म्हणाली, "मी रात्रीच रडून घेतलंय. आता तुम्ही सुरू करू नका."

मग माझ्या हातात उरलं काय? लिंबू! मी पंचवटीच्या भाजीबाजारात गेलो आणि लिंबं चाचपत सुटलो. मोठ्यातलं मोठं, जाड सालीचं पाहिजे, म्हणजे पट्ट्यात आणि हातात तेवढंच अंतर. एक माळीण मावशी, स्वतःच्या मळ्यातली भाजी घेऊन बसलेली, बराच वेळ माझ्याकडे बघत होती. "लोणच्याला पाहिजेत का, दादा?"

"नाही. तळहातावर ठेवायला."

तिनं टोपली जरा स्वतःकडे ओढून घेतली. शेवटी मला नारळाएवढं ईडलिंबू मिळालं. मोठ्या आशेनं वस्तादांना दाखवायला नेलं.

"हे काय आणलंस, देसले?" वस्ताद म्हणाले. "त्यापेक्षा भोपळा आणायचास!"

*

खंडेनवमीची सकाळ. मैदानावर लाल कापडावर सगळी हत्यारं मांडलेली, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूच्या माळा. ढोल वाजत होते. पोराटोरांचे आईबाप, जुने शिष्य, नाकाबंदीचे ते साहेब साध्या कपड्यात मागे उभे. माझी बायको पहिल्या रांगेत, पर्समध्ये कापूस आणि बँडेज भरून. डॉक्टरांनी गाडीत बर्फाचा डबा आणून ठेवला होता. कशाला, ते मी विचारलं नाही.

पूजा झाली. लाठी झाली, तलवार झाली. वस्ताद उठले, खोबळ्यात उजवा हात घातला आणि पट्टा उचलला.

पट्ट्याचं पातं लवचीक असतं. मनगटात जरासा कंप असला तरी टोकाला वीतभर दिसतो. सगळ्या मैदानाला दिसला. कुणी सांगितलं नाही, पण ढोल थांबले.

"ऋतुजा!" वस्तादांनी हाक मारली.

ती आली, मुजरा केला, हात पुढे केला. तिचा हात अगदी स्थिर. वस्तादांनी तिच्या तळहातावर लिंबू ठेवलं, साधंच, बाजारातलं.

मी कधी उठलो, कसा धावलो, मला माहीत नाही. मी ऋतुजाच्या समोर उभा होतो, तिच्या तळहातावरचं लिंबू माझ्या हातात होतं आणि मी म्हणत होतो, "वस्ताद, माझ्या हातावर! माझ्या हातावर कापा!"

"बाबा, बसा ना!" ऋतुजा पुटपुटली. शरमेनं लाल झाली होती.

वस्तादांनी पट्टा खाली घेतला. मग म्हणाले, "बरं. हात पुढं कर, देसले."

मी हात पुढे केला, लिंबू ठेवलं. लिंबू पडलं. उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत गेलं आणि सगळं मैदान हसलं. वस्तादही हसले, पोट धरून.

"देसले, अरे, माझ्यापेक्षा तुझाच हात जास्त हलतोय!"

आणि एकदम सगळे गप्प झाले. कारण एवढ्या महिन्यांत ते आमच्यापैकी कुणीच त्यांच्यासमोर बोललं नव्हतं. पहिल्यांदा बोलले ते वस्तादच.

ते लिंबू उचलायला स्वतः गेले. परत आले, खोबळ्यातून हात काढला आणि पट्टा ऋतुजाच्या हातात चढवला. चाळीस वर्षांत त्या दिवशी, त्या जागी, पट्टा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे केला आणि त्यावर लिंबू ठेवलं.

हात थरथरत होता. लिंबूही थरथरत होतं. काकू उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या.

ऋतुजाचा चेहरा पांढराफटक. "वस्ताद, नको."

"मार."

"वस्ताद, हात हलतोय."

"हाताकडं बघूच नकोस," वस्ताद म्हणाले. "त्याचं त्यालाच कळेना, तुला काय कळणार? मार!"

ऋतुजानं पाय रोवला. पट्टा वर गेला. तेवढं मी बघितलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. हवेत सूं आवाज आला. त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आधी काकूंचा हुंदका ऐकू आला, मग ढोल, मग शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. मी डोळे उघडले. लिंबाच्या दोन फोडी मातीत पडल्या होत्या आणि वस्ताद तळहात वर करून सगळ्यांना दाखवत होते. रेघसुद्धा नव्हती. हात होता तसाच थरथरत होता.

मी गर्दीत जो भेटेल त्याला विचारत सुटलो. वार बसला तेव्हा हात थांबला होता का? डॉक्टर शपथेवर म्हणाले, थांबला होता, एक क्षण अगदी दगडासारखा. बाळूशेठ म्हणाले, "छ्या! लय हलत हुता. पोरीनं त्यातनं बरुबर टायमिंग साधलं." साहेब म्हणाले, त्यांना त्याच वेळी फोन आला. काकूंना विचारायचा माझा धीर झाला नाही.

घरी जाताना ऋतुजा स्कूटरवर मागे बसली होती. देवळालीतून बाहेर पडलो. शेवटी मला राहवेना. स्कूटर बाजूला घेऊन थांबवली आणि मागे वळून विचारलं, "ऋतू, खरं सांग. त्यांचा हात थांबला होता, की तू हलत्या हातावर मारलंस?"

"मला काय माहीत, बाबा?" ती म्हणाली. "वस्ताद म्हणाले ना, हाताकडं बघूच नकोस. मी डोळे मिटले."